३५०–१५ : ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’चा एकतर्फी सामना नीट पाहायचा तर

‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या ब्रिटिश विद्यार्थी प्रश्नमंजूषेच्या २००८-०९ च्या मालिकेत ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजने उपांत्यपूर्व फेरीत एक्सेटर विद्यापीठाचा ३५०–१५ असा धुव्वा उडवला. जेरेमी पॅक्समन १९९४ पासून २०२३ पर्यंत सूत्रसंचालक होते. तेवढ्या काळात कुठल्याच संघाचे याहून कमी गुण झाले नाहीत. त्याआधी, १९७१-७२ मध्ये, ससेक्स विद्यापीठ १० वर थांबलं होतं. असे सामने लोक हळहळत बघतात आणि विसरून जातात. आमच्या मते हा कार्यक्रम आतून कसा चालतो हे समजून घ्यायचं असेल, तर चुरशीच्या सामन्यापेक्षा असाच सामना आधी बघावा. चुरशीत दडपण, नशीब, घाई यांची सरमिसळ झालेली असते. एकतर्फी सामन्यात एकेक नियम काय करतो ते सुटं दिसतं. फक्त गुणफलक म्हणजे ज्ञानाचं माप, असं धरून बसू नये.

नियम थोडक्यात असे. प्रत्येक संघात चौघं. ‘स्टार्टर’ प्रश्न १० गुणांचा. बझर दाबायचा, निवेदकाने संघाचं नाव आणि दाबणाऱ्याचं आडनाव पुकारलं की एकट्याने उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी कुजबुजायचं नाही. उत्तर बरोबर आलं की त्याच संघाला एका विषयावरचे तीन ‘बोनस’ मिळतात, प्रत्येकी ५ गुणांचे. बोनसला चर्चा चालते. उत्तर कप्तान देतो, किंवा साथीदाराचं नाव घेऊन त्याला द्यायला सांगतो. म्हणजे एक पूर्ण संच २५ गुणांचा. प्रश्न वाचून व्हायच्या आत बझर दाबला आणि उत्तर चुकलं तर ५ वजा, आणि समोरच्या संघाला तो प्रश्न शेवटपर्यंत ऐकायला मिळतो. प्रश्न संपल्यावर चुकलं तर दंड नाही. अधूनमधून दोन चित्रफेऱ्या आणि एक संगीतफेरी. चित्राचा स्टार्टर कुणालाच आला नाही, तर त्याचे बोनस पुढच्या बरोबर स्टार्टरसाठी राखून ठेवतात. सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत, जाहिरातींशिवाय, आणि शेवटी घंटा वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहज नजरेआड होते. बोनस चुकला तरी तो समोरच्यांकडे जात नाही. पिछाडीवरच्या संघाला तिन्ही बोनसची उत्तरं येत असली तरी त्यांना गप्प बसूनच राहावं लागतं. आपल्याकडच्या कॉलेज क्विझमध्ये ‘बाउन्स’ असतो. प्रश्न एका संघाला आला नाही की पुढच्याकडे जातो, शिवाय ‘पाउन्स’ घेऊन कागदावर उत्तर लिहून देता येतं. त्यामुळे कच्च्या संघाच्या पदरातही थोडंफार पडतंच. ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये सगळं दार एकाच बिजागरीवर फिरतं: स्टार्टर. तो मिळाला नाही तर तुम्ही खेळातच नाही.

आता ३५०–१५ सारखा आकडा कसा तयार होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा सामन्यात २० स्टार्टर विचारले गेले. पहिल्या संघाला त्यातले १६ येतात, दुसऱ्याला १२. दोघांनाही येणारे १० आहेत. हा काही दरीएवढा फरक नाही. दुसरा संघही चांगलाच म्हणायचा. पण पहिल्या संघाचा बझर प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण सेकंद आधी वाजतो असं धरा. मग सामाईक दहाच्या दहा प्रश्न पहिल्याकडे जातात. पहिल्याचे स्टार्टर १६, दुसऱ्याचे फक्त २, आणि दोन कुणालाच नाहीत. दोघांनी तीनपैकी दोन बोनस या सारख्याच दराने उत्तरं दिली, तर एका स्टार्टरमागे २० गुण पडतात. गुणफलक होतो ३२०–४०. माहितीतलं १६ ला १२ हे प्रमाण पडद्यावर ८ ला १ दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक सामाईक प्रश्न एकाच संघाला मिळत नाही, पण दिशा हीच असते. म्हणून ‘त्यांना काहीच येत नव्हतं’ हा निष्कर्ष गुणफलकावरून काढता येत नाही. त्यांना उशिरा येत होतं, एवढंच नक्की सांगता येतं.

तो अर्धा सेकंद कुठून येतो? प्रश्नाच्या बांधणीतून. स्टार्टर बहुतेक वेळा उतरत्या भाजणीने लिहिलेला असतो: अवघड खूण आधी, सोपी शेवटी. त्या धाटणीचा, इथेच रचलेला एक प्रश्न घ्या. ‘१८८७ मध्ये ईरोड इथे जन्मलेला, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झालेला, कोणता गणितज्ञ आजारी असताना जी. एच. हार्डी त्याला भेटायला ज्या टॅक्सीने गेले तिचा क्रमांक १७२९ होता?’ ज्याला रामानुजन यांचं चरित्र माहीत आहे तो ‘ईरोड’ला बझर दाबतो. ज्याला एवढंच ठाऊक आहे की ते रॉयल सोसायटीचे फेलो होते, तो ‘१९१८’नंतर जरा घुटमळतो आणि ‘गणितज्ञ’ या शब्दावर दाबतो. ज्याला फक्त टॅक्सीचा किस्सा माहीत आहे तो शेवटपर्यंत थांबतो. तिघांचंही उत्तर बरोबरच आलं असतं. बोनसचा दरवाजा मात्र पहिल्यासाठीच उघडतो. एकतर्फी सामना पाहताना उत्तराकडे कमी आणि बझर कोणत्या शब्दावर वाजला त्याकडे जास्त लक्ष द्या. जिंकणारा संघ दुसऱ्या खुणेवर दाबतोय आणि हरणारा चौथ्या खुणेची वाट बघतोय, हे पाच-सहा प्रश्नांतच कळतं.

घाईने दाबणाऱ्यासाठी प्रश्नात वळणही ठेवलेलं असतं. ‘केंब्रिजमध्ये हार्डी यांच्याबरोबर...’ एवढं ऐकून कुणी रामानुजन म्हणाला आणि पुढचे शब्द ‘...तीन दशकांहून अधिक काळ संयुक्त शोधनिबंध लिहिणारा इंग्रज गणितज्ञ कोण?’ असे निघाले, तर उत्तर लिटलवुड असतं आणि ५ गुण गेलेले असतात. इथे नुकसान पाचाचंच आहे असं वाटतं. ते तेवढ्यावर थांबत नाही. प्रश्न समोरच्यांना पूर्ण, फुकटात ऐकायला मिळतो. त्यांनी तो घेतला आणि तिन्ही बोनस काढले, तर त्यांचे २५ आणि तुमचे वजा ५, असा ३० गुणांचा फेर पडतो. मागे पडलेला संघ नेमका याच सापळ्यात जातो. थांबलं तर प्रश्न जातो म्हणून लवकर दाबायचं, लवकर दाबलं की चुकतं, चुकलं की पुढच्या प्रश्नाला हात आखडतो. मग ऐकलेला आणि येणारा प्रश्नही हातातून सुटतो. १५ सारख्या गुणसंख्येकडे पाहताना हे लक्षात ठेवावं. एक स्टार्टर आणि एक बोनस मिळूनही १५ होतात, आणि दोन स्टार्टर मिळवून एक दंड खाल्ला तरीही १५च होतात. पडद्यावरचा आकडा यातला फरक सांगत नाही.

कार्यक्रमाबद्दलची आमची मुख्य तक्रार हीच. साठ वर्षांहून जास्त काळ चालत आलेल्या या मालिकेत (१९६२ मध्ये ग्रॅनडा या कंपनीने आयटीव्ही या वाहिनीवर सुरू केली, १९८७ ला थांबली, १९९४ मध्ये बीबीसी टूवर परतली) पडद्यावर अजूनही फक्त एकूण गुण दिसतात. कुणी किती स्टार्टर घेतले, किती वेळा मध्येच दाबून चुकले, बोनसपैकी किती निघाले, यातलं काहीही येत नाही. क्रिकेटच्या धावफलकावर नुसत्या धावा लिहून बळी आणि षटकं गाळावीत, तसं हे आहे. चुरशीच्या सामन्यात ही उणीव खपून जाते. एकतर्फी सामन्यात मात्र हरणाऱ्या संघावर ती अन्याय करते, कारण बोनसमध्ये ते सरस असले तरी ते कुणाला दिसतच नाही.

त्यामुळे वही स्वतःच घेऊन बसावी. प्रत्येक संघासाठी चार रकाने पुरतात: स्टार्टर बरोबर, मध्येच दाबून चूक, मिळालेले बोनस, बरोबर बोनस. सामना संपल्यावर बरोबर बोनसना मिळालेल्या बोनसने भागा. निम्म्याच्या आसपास आलं तर संघ ठीक आहे, दोन तृतीयांशाच्या वर गेलं तर भक्कम. हरलेल्या संघाचा बोनसचा दर जिंकलेल्याच्या जवळपास निघाला, तर सामना बझरवर गेला असं खुशाल समजावं. तो बराच खाली असेल तर मात्र खरंच ताकदीत फरक होता. फक्त ज्या संघाला दोनच स्टार्टर मिळाले त्याच्या वाट्याला जेमतेम सहा बोनस आलेले असतात. त्यावरून टक्केवारी काढून निवाडा देऊ नये.

आणखी एक गंमतीची बेरीज. ३५० आणि १५ मिळून ३६५. २०२५ च्या अंतिम सामन्यात केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजने वॉरिकला १७५–१७० असं हरवलं. त्याची बेरीज ३४५. म्हणजे इतिहासातला एक अत्यंत एकतर्फी सामना आणि एक अत्यंत अटीतटीचा सामना यांत मिळून वाटले गेलेले गुण जवळजवळ सारखेच. अर्ध्या तासात ठरावीकच प्रश्न बसतात. प्रश्न फक्त वाटणीचा असतो. दोन्ही संघ तगडे असले तर बेरीज चढते. त्याच २००९ च्या अंतिम सामन्यात कॉर्पसने मँचेस्टरवर २७५–१९० अशी मात केली होती, म्हणजे ४६५. ओपन युनिव्हर्सिटीने १९९७ मध्ये उपांत्य सामन्यात ४१५–६५ असा विजय मिळवला, तो पॅक्समन यांच्या काळातला सर्वाधिक गुणांचा विक्रम. त्याची बेरीज ४८०. जुन्या आयटीव्ही पर्वाच्या शेवटच्या वर्षी ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने एकट्याने ५२० केले होते, ते तर फारच वरचं काम.

या बेरजेचा घरबसल्या उपयोग होतो. संघांची ओळख वगळता खेळ साधारण पंचवीस मिनिटांचा धरला, तर मिनिटाला सुमारे १५ गुण वाटले जातात. सूत्रसंचालक पिछाडीवरच्या संघाला ‘अजून भरपूर वेळ आहे’ असा धीर देतात. तेव्हा उरलेली मिनिटं गुणिले १५ करा. आठ मिनिटं उरली असतील तर १२०. पिछाडी त्याहून मोठी असेल, तर पुढचा प्रत्येक स्टार्टर एकाच संघाला मिळूनही सामना फिरणं कठीण. ६०-७० ची पिछाडी असेल तर मात्र उठून जाऊ नका. तीन पूर्ण संचांत ती भरून निघते.

सूत्रसंचालकाचा विषय निघालाच आहे. एकतर्फी सामन्यात खरी कसोटी त्याची असते. वाचनाचा वेग कमी झाला की प्रश्नसंख्या घटते आणि आधीच रुतलेला सामना आणखी रुततो. पॅक्समन बोनसवर रेंगाळणाऱ्या संघाला सरळ हाकत, आणि त्यामुळे अशा सामन्यांनाही गती राहायची. २०२३ पासून अमोल राजन आहेत, कोलकात्यात जन्मलेले आणि लंडनमध्ये वाढलेले. त्यांची तऱ्हा अधिक मोकळी, चांगल्या उत्तराला लगेच दाद देणारी. हरणाऱ्या संघाला ही तऱ्हा सोसवते. निवेदक रॉजर टिलिंग यांचा आवाज हा या कार्यक्रमाचा अर्धा प्राण आहे. सामना तापला की त्यांची पुकारही चढत जाते. एकतर्फी सामन्यात एकाच संघाचं नाव पुन्हापुन्हा ऐकू येतं, तेव्हा डोळे मिटूनही गुणफलक कळतो.

कॉर्पसच्या त्या संघाबद्दल थोडं लिहायलाच हवं. कप्तान गेल ट्रिंबल लॅटिन साहित्यात डॉक्टरेट करत होत्या, आणि मालिकेत संघाच्या एकूण गुणांपैकी सुमारे दोन तृतीयांश त्यांनी एकटीने मिळवले. संघात असा एक जरी माणूस असला तरी काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण नाही. स्टार्टर एकट्याने द्यायचा असल्यामुळे एका वेगवान बझरवर चौघांचा संघ चालतो, आणि बोनसला बाकीचे तिघं भर घालतात. दुर्दैवाने ब्रिटिश वर्तमानपत्रांत त्यांच्या ज्ञानापेक्षा दिसण्यावर आणि वागण्यावर जास्त लिहिलं गेलं, जे कुठल्याही पुरुष कप्तानाच्या वाट्याला त्या प्रमाणात आलं नसतं. पुढे त्या संघाचं विजेतेपद गेलं. एक सदस्य मालिकेचं चित्रण पूर्ण होण्याआधीच विद्यार्थी राहिला नव्हता, म्हणून संघ अपात्र ठरला आणि चषक मँचेस्टरला मिळाला. कारण पात्रतेचं होतं. उत्तरांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. ३५०–१५ चा सामना पाहण्यासारखा आहे तो त्यामुळेच तसाच राहतो.

हरणाऱ्या संघाने काय करावं? पहिल्या फेरीत उत्तर सोपं आहे: घंटा होईपर्यंत गुण वेचत राहावेत. २८ संघांत पहिल्या फेरीचे १४ सामने होतात, आणि हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चार संघांना आणखी एक संधी मिळते. दीडशेच्या आसपास पोचलं तर आशा धरायला जागा असते. म्हणून २०० गुणांनी मागे असतानाही शेवटच्या दोन मिनिटांतला एक पूर्ण संच फुकट जात नाही. अशा वेळी मध्येच दाबण्याचा जुगार टाळावा, प्रश्न पूर्ण ऐकावा, आणि बोनसवर लांबण लावू नये. येत नसेल तर कप्तानाने लगेच ‘पास’ म्हणावं. एका न येणाऱ्या बोनसवर घालवलेले पंधरा सेकंद म्हणजे पुढच्या स्टार्टरचा वेळ.

आता महाराष्ट्राशी असलेला धागा. बीबीसी वर्ल्डवर सिद्धार्थ बसू यांनी ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया’ सादर केलं, आणि त्याची पहिली, २००३-०४ ची, मालिका मुंबईतल्या अंधेरीच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिंकली. म्हणजे हा साचा आपल्या मुलांना नवा नाही. मूळ कार्यक्रम ब्रिटनमध्ये बीबीसी टूवर आणि आयप्लेयर या बीबीसीच्या ऑनलाइन सेवेवर दिसतो. आयप्लेयर भारतात अधिकृतपणे चालत नाही.

कॉलेजात याच साच्याची स्पर्धा घ्यायची असेल, तर पंचवीस मिनिटांच्या सामन्याला २४ स्टार्टर आणि ७२ बोनस तयार ठेवा, शिवाय चार सुटे संच. एकूण ११२ प्रश्न. बझर ‘लॉकआउट’चे हवेत, म्हणजे पहिला दाबला की बाकीचे सात बंद पडतात. साध्या घंट्या ठेवल्या तर पहिला कोण यावर दर तिसऱ्या प्रश्नाला भांडण ठरलेलं. सामन्याआधी आठही बझर एकेक करून आणि दोन-दोन एकदम दाबून तपासा. वाचणारा वेगळा, नाव पुकारणारा वेगळा, गुण लिहिणारा वेगळा. वाचणाऱ्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बझर वाजल्यावरही तोंडातून एक-दोन शब्द निसटणं. तेवढ्यात खूण फुटते. ते टाळायला त्याची नजर बझरच्या दिव्यावर असली पाहिजे. प्रश्न संपला होता की मध्येच दाबलं, या वादावर एकच नियम ठेवा: शेवटचा शब्द पूर्ण उच्चारला गेला असेल तरच प्रश्न संपला. शेवटच्या शब्दाखाली कागदावर आधीच रेघ मारून ठेवावी. बोनसला दहा सेकंद, त्यापुढे कप्तानाकडून उत्तर मागायचं. बरोबरी झाली तर एक जादा स्टार्टर. त्यात कुणी मध्येच दाबून चुकलं की ५ वजा होऊन तो संघ सामना तिथेच हरतो, हे दोन्ही संघांना आधी बजावून सांगा.

आणि बोनसचे संच कठीणपणात सारखे असू द्या. एका संघाला राजधान्या आणि दुसऱ्याला बायझंटाइन सम्राट असं पडलं, तर निकाल प्रश्न काढणाऱ्याने लावलेला असतो. तीन बोनसमध्ये एक बहुतेकांना येणारा, एक निम्म्यांना येणारा आणि एक तयारी असलेल्यालाच येणारा, अशी वाटणी प्रत्येक संचात पाळली की पुरे. एवढं करूनही सामना एकतर्फी झालाच, तर दंडाचा नियम अर्ध्यावर सैल करू नका. गुण वाचून दाखवताना मात्र दोन्ही संघांचे स्टार्टर आणि बोनसचे आकडेही वाचून दाखवा.